आजारी मुलाला दया नको, दुसरी तारीख द्या

दरवर्षी बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. घरात वडिलांचं पार्थिव, आणि मुलगी दहावीचा पेपर द्यायला केंद्रावर. पेपर सुटल्यावर ती घरी आली आणि मग अंत्ययात्रा निघाली. बातमीत तिच्या धैर्याचं कौतुक असतं आणि ते रास्तच आहे. पण आजचा पेपर बुडाला तर पुढे काय, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून ती गेलेली असते. शेजारीपाजारी, नातेवाईक, कधी शाळेतले सरही हेच सांगतात, ‘बाई, वर्ष वाया जाईल, जाऊन ये.’ दुःखात किंवा तापात असलेल्या मुलाला पेपर पुढे ढकलण्याचा हक्क आहे, हे आपण कधी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवलेलं नाही. तो हक्क लिहिला जावा आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लागावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या भागात हा प्रश्न नुसत्या सर्दी-तापाचा नाही. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोंड आदिवासींत आणि इतरही अनेक समाजांत तो आढळतो. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं, सांधे, छाती असह्य दुखू लागते. दुखण्याचा हा झटका सांगून येत नाही. मात्र तो कशाकशाने येऊ शकतो हे डॉक्टरांना माहीत आहे: अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, अतिश्रम, मनावरचा ताण. आता बोर्डाच्या दिवसांतलं आपलं कुठलंही घर डोळ्यांपुढे आणा. रात्री बारापर्यंत जागरण, पहाटे पुन्हा उठून वाचन, भीतीने अन्न जात नाही, पेपरात मध्येच लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं टाळलेलं, आणि फेब्रुवारीच्या गारठ्यात सकाळी गावातून केंद्राकडे निघणं. झटका यायला लागणारं सगळं परीक्षाच गोळा करून ठेवते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम आपल्याच राज्यात, शहडोलला सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. तपासणी झालेल्याला कार्ड मिळतं. म्हणजे कोणत्या मुलाला पेपरच्या दिवशी झटका येऊ शकतो, हे सरकारलाच आधीपासून माहीत असणार आहे. आरोग्य खात्याला जे माहीत आहे ते शिक्षण खात्याने का विचारू नये?

कायदा इथे निम्म्या वाटेपर्यंत सोबत येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे आणि त्यांत सिकलसेल आहे. परीक्षा पद्धतीत योग्य बदल करावेत, जादा वेळ आणि लेखनिक द्यावा, असं त्याच कायद्याच्या १७व्या कलमात आहे. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटं जादा ठरवून दिली. हाताने लिहिताना त्रास होणाऱ्या विकास कुमार या उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं की, ४० टक्के दिव्यांगतेची अट पुढे करून अशी सोय नाकारता येणार नाही. हा निकाल मोठा आहे. पण या सगळ्या सोयी जो केंद्रावर येऊन बसू शकतो त्याच्यासाठी आहेत. जे मूल त्या सकाळी सलाईन लावून दवाखान्यात पडलंय, त्याला तासाला २० मिनिटं देऊन काय उपयोग? त्याला वेळ वाढवून नको, दिवस बदलून हवा. अपघात झालेल्या, कांजिण्या निघालेल्या, घरात मयत झालेल्या मुलाचंही तेच.

‘दुसरा दिवस आता आहेच की,’ असं यावर कुणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. मध्य प्रदेश माध्यमिक शिक्षा मंडळाने २०२५ पासून जुन्या पूरक परीक्षेच्या जागी ‘द्वितीय परीक्षा’ आणली. पहिल्या परीक्षेत नापास झालेले, गैरहजर राहिलेले आणि गुण वाढवू पाहणारे सगळे तिला बसू शकतात. अशी पहिली परीक्षा १७ जून २०२५ पासून झाली. हे पाऊल चांगलं आहे आणि माझी मागणी त्याच पायावर उभी आहे. पण सरसकट दिलेली दुसरी संधी वेगळी आणि आजारी मुलाचा हक्क वेगळा. दुसऱ्या संधीसाठी फॉर्म भरा, फी भरा, आणि ज्याने अभ्यास केला नाही त्याच्याच रांगेत उभे राहा. ज्या बापाने मुलाच्या उपचारासाठी नुकतेच व्याजाने पैसे काढलेत, त्याच्याकडून पुन्हा परीक्षेची फी घेणं न्यायाचं नाही. शिवाय दुसरी संधी देणारा नियमच आजारी मुलावर कसा उलटू शकतो, याचं उदाहरण सीबीएसईने घालून दिलं आहे. २०२६ पासून त्यांची दहावीची परीक्षा दोनदा होते. पण पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलेल्याला दुसरीला बसता येत नाही, त्याला पुढच्या वर्षीची वाट पाहावी लागते. पहिली परीक्षा कुणी हलक्यात घेऊ नये हा त्यामागचा हेतू समजतो. पण टायफॉइडने तीन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या मुलाने पहिली परीक्षा हलक्यात घेतलेली नसते. टाळणारा आणि आजारी, यांत फरक करायचाच नाही असं ठरवलं की जो सगळ्यात जास्त आजारी, त्याचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

वेगळ्या तारखेला पेपर घेणं जमण्यासारखं नाही, हा दुसरा आक्षेप. पण ते जमतं, कारण ते होतंय. राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किंवा ऑलिंपियाडमध्ये भाग घेणाऱ्या विद्यार्थ्याची तारीख बोर्डाच्या पेपराशी जुळली, तर हीच सीबीएसई त्याची परीक्षा नंतर घेते. ते योग्यच आहे. मग देशासाठी पळणाऱ्या मुलासाठी जो पेपर निघू शकतो, तो रक्त चढवून घेणाऱ्या मुलासाठी का निघू नये? राज्य मंडळाला तर वेगळा पेपर काढायचीही गरज नाही, द्वितीय परीक्षेची प्रश्नपत्रिका तयारच असते. करोनात, २०२१ साली, संकट सगळ्यांवर एकदम आलं तेव्हा बहुतेक राज्य मंडळांनी आणि सीबीएसईने दहावी-बारावीच्या परीक्षाच रद्द केल्या आणि आधीच्या व अंतर्गत गुणांवर निकाल लावले. लाखोंवर एकदम आलेलं संकट आपल्याला दिसतं. एकट्या मुलावर आलेलं संकटही त्याच्यापुरतं तितकंच मोठं असतं.

ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळांनी यासाठी दुसरा मार्ग काढला आहे. परीक्षेच्या सुमारास आजार किंवा घरात मृत्यू असेल तर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे थोडे गुण वाढवतात, जास्तीत जास्त पाच टक्के. ही पद्धत इथे आणावी असं मला वाटत नाही. एकेका गुणावर जिथे प्रवेशाची यादी वरखाली होते, तिथे वाढीव गुण म्हणजे भांडणाला आमंत्रण, आणि त्या मुलाच्या अंकसूचीवर कायमची शंका. खोट्या प्रमाणपत्रांच्या आक्षेपाचं उत्तरही इथेच आहे. गुण फुकट मिळत असतील तर खोटं प्रमाणपत्र काढायला लोक धावतील. पण मिळणार आहे ती फक्त नंतरची तारीख. पेपर पूर्ण, काठिण्य तेवढंच, अभ्यास तेवढाच आणि निकाल उशिरा. एवढ्यासाठी खोटं बोलणारे थोडेच निघतील, आणि त्या थोड्यांना अडवण्यासाठी खऱ्या आजाऱ्यांची वाट बंद करणं हा कुठला हिशेब?

तिसरा आक्षेप जुनाजाणता आहे: आयुष्य कुणासाठी थांबत नाही, मुलांना सवय झालेली बरी. आयुष्य थांबत नाही हे आपल्या कापूस-संत्र्याच्या मुलखातल्या मुलांना कुणी शिकवायला नको. मार्चच्या एका गारपिटीत बापाचा बगीचा झोडपलेला त्यांनी पाहिलेला असतो. परीक्षेचं काम मुलाला काय येतं ते मोजण्याचं आहे. १०३ तापात लिहिलेल्या गणिताच्या पेपरातून त्याचं गणित कळत नाही, ताप कळतो. असा निकाल मुलावर अन्याय तर करतोच, पण तो मुळात चुकीचाही असतो, आणि त्याच चुकीच्या आकड्यावर पुढे प्रवेश आणि शिष्यवृत्ती ठरते. मात्र हक्क मागताना त्याची हद्दही सांगितली पाहिजे. गरिबी, घरातली कामं, शाळेत शिक्षक नसणं ही वर्षभराची दुखणी आहेत आणि त्यांचा इलाज शिष्यवृत्ती, वसतिगृह, शिक्षकभरती हाच. परीक्षेची तारीख बदलून ती बरी होणार नाहीत. अचानक आलेला गंभीर आजार, अपघात, आई-वडील किंवा भावंडाचा मृत्यू आणि नैसर्गिक आपत्ती, एवढ्या चार गोष्टींपुरता हा हक्क असावा.

तो अमलात कसा आणायचा, हेही अवघड नाही. मंडळाने प्रवेशपत्राच्या मागच्या बाजूला चार ओळी छापाव्यात: यांपैकी कोणत्याही कारणाने पेपर बुडाला तर सात दिवसांत प्राचार्यांकडे साधा अर्ज द्या, बुडालेलेच पेपर द्वितीय परीक्षेत विनाशुल्क देता येतील, आणि अंकसूचीवर त्याची कुठलीही वेगळी खूण राहणार नाही. आई-बाप दवाखान्यात अडकलेले असतील तर अर्ज वर्गशिक्षकाने करावा. पुरावा म्हणून दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, सिकलसेलचं कार्ड किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला पुरेसा मानावा. इथे आपल्या भागाची एक खास अडचण आहे. १९५६ पर्यंत नागपूर आपली राजधानी होती. राज्यं बदलली, पण मोठं दुखणं निघालं की पांढुर्णा आणि सौंसरचा माणूस आजही नागपूरचीच वाट धरतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या दवाखान्याचा कागद मध्य प्रदेशच्या शाळेत बिनतक्रार चालला पाहिजे, हे नियमातच लिहिलेलं असावं. नाहीतर परराज्याचा म्हणून तो कागद टेबलावरच पडून राहील.

नियम भोपाळला बदलेल, पण सुरुवात इथेही करता येते. पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. आता जुन्या जिल्ह्याकडे, छिंदवाड्याकडे, बोट दाखवायची सोय उरलेली नाही. बोर्डाचे फॉर्म भरतानाच प्रत्येक शाळेने सिकलसेल, अपस्मार, दमा, मधुमेह असलेल्या मुलांची यादी केली, त्यांच्या केंद्राध्यक्षांना आधी कळवलं, बाकावर पाण्याची बाटली आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांतीची परवानगी दिली, तर कितीतरी झटके टळतील. परीक्षेच्या काळात फोन उचलणारा एक माणूस जिल्हा शिक्षण कार्यालयात बसवायला कुठल्याही मोठ्या मंजुरीची गरज नाही. प्राचार्यांना आणि पालक-शिक्षक समित्यांना माझी विनंती आहे की, येत्या सत्रातल्या पहिल्याच बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा आणि तो मंडळाकडे पाठवा. आणि पालकांनो, लेकरू तापाने फणफणलेलं असेल किंवा घरात मयत असेल, तर त्याला पेपरला ढकलण्याआधी शाळेला एक फोन करा. दुसरी परीक्षाही होते.