बाँबचा हिशेब

अणुबाँबने महायुद्ध लवकर संपले व लाखोंचे प्राण वाचले, हे मत आपल्या सुशिक्षित घरांतून इतक्या निश्चिंतपणे बोलले जाते की, त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त आहे. जपानवरील जी स्वारी झालीच नाही, तिच्यातील मृतांची गणती या पंडितांस तोंडपाठ असते. हिरोशिमाची गणती मात्र कल्पनेची नव्हे. १९४५ अखेर तेथे सुमारे १,४०,००० माणसे मेली. आग पसरू नये म्हणून घरे पाडण्याच्या कामास लाविलेली हजारो शाळकरी मुले त्यांतच होती. आणि अमेरिकेच्याच सरकारी पाहणीने १९४६ साली निर्वाळा दिला की, बाँब पडला नसता तरी १९४५ साल सरण्यापूर्वी जपान शरण आलाच असता. तीन दिवसांनी नागासाकी कशासाठी, हे विचारण्याची तर सोयच नाही!

पण क्षणभर हिशेब खरा धरू. मुले जाळून सैनिक वाचविणे हा धर्म ठरला, तर तो एकट्या अमेरिकेचा राहत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या वाचकांस हे दूरचे वाटू नये. १९७४ च्या पोखरण स्फोटाचे प्लुटोनियम जवळच्याच ट्रॉम्बेच्या 'सायरस' अणुभट्टीतले होते. प्रथम वापर न करण्याचे आपले २००३ चे धोरण आम्हांस मान्य आहे. पण प्रत्युत्तर प्रचंड व शत्रूस असह्य हानी करणारे असेल, असेही त्यातच लिहिले आहे. ती हानी कोणत्या शाळांची? आणि युद्ध लवकर संपविण्याकरिता उद्या कोणी तोच हिशेब आपल्या उपनगरांवर मांडला, तर त्यास अधर्म म्हणावयाचे ते कोणत्या तोंडाने?