शिक्षा हून सेनना, कात्री शिलाईला

तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर म्हणून माझी हयात गेली. त्यामुळे एखाद्या देशाची व्यापारी सवलत काढल्याची बातमी आली, की मला आधी कॉस्टिंगचा कागद दिसतो. कापड, बटणं, शिलाई, पॅकिंग, भाडं, आणि खाली आयात शुल्क. कंबोडियाच्या शर्टाला युरोपात 2001 पासून हे शुल्क नव्हतं. 12 ऑगस्ट 2020 पासून काही कपडे, काही पादत्राणं, प्रवासी बॅगा आणि साखर यांच्यावर ते पुन्हा लागलं; कपड्यांवर साधारण 12 टक्के. कंबोडियाच्या युरोपातल्या निर्यातीचा पाचवा हिस्सा, सुमारे एक अब्ज युरोंचा माल यात आला.

सवलत काढण्याचं कारण रास्तच होतं. 2017 मध्ये विरोधी नेते केम सोखांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, त्यांचा पक्ष न्यायालयाकडून बरखास्त करवला गेला, आणि 2018 च्या निवडणुकीत पंतप्रधान हून सेन यांच्या पक्षानं 125 पैकी 125 जागा जिंकल्या!

पण हे 12 टक्के सोसतं कोण? परदेशी ग्राहक भाव वाढवून देत नाही. कापड आणि भाडं आपल्या हातात नसतं. मग घासाघीस होते ती शिलाईवर, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात जाते. नोम पेन्हच्या आसपास उघड्या ट्रकांत उभ्यानं कामावर जाणाऱ्या बायकांचं किमान वेतन तेव्हा महिना 190 डॉलर होतं. 2014 च्या जानेवारीत पगारवाढ मागणाऱ्या याच कामगारांवर सरकारनं गोळ्या चालवल्या होत्या. (2020 मध्ये ऑर्डरी करोनानंही बुडवल्या, सगळं खापर युरोपवर फोडणं बरं नव्हे.)

साखर मात्र युरोपनं अचूक हेरली. कंबोडियाच्या कोह काँग प्रांतात उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावल्या गेल्या. साखर आणि सत्तेचं नातं महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.

आणि धाक चालतो. युरोपनं फेब्रुवारी 2019 मध्ये सवलत काढण्याची प्रक्रिया सुरू केली, नोव्हेंबरात केम सोखांची नजरकैद सैल झाली. पण सवलत प्रत्यक्षात गेल्यावर धाक संपला: दोनच महिन्यांत कंबोडियाचा चीनशी मुक्त व्यापार करार झाला. मार्च 2023 मध्ये केम सोखांना 27 वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि ऑगस्टात हून सेन यांचे चिरंजीव पंतप्रधान झाले.

म्हणून माझं म्हणणं, शर्टाची सवलत धाकापुरती हातात ठेवावी. कारवाई करायचीच तर साखरेवर, आणि सत्ताधाऱ्यांच्या व्हिसांवर नि बँक खात्यांवर करावी.