वाहन नोंदणी शुल्कातील राज्यनिहाय फरक

भारतात वाहनाच्या नोंदणीसाठी द्यावी लागणारी एकूण रक्कम प्रत्येक राज्यात वेगळी असते. हा फरक मुख्यतः राज्यांच्या मोटार वाहन कराचा असतो, नोंदणी शुल्काचा नव्हे. रायगड जिल्ह्यातील पनवेल येथील परिवहन कार्यालयात वाहनांना 'एमएच-४६' हा संकेतांक मिळतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून गोव्यामार्गे कर्नाटकात जातो. म्हणजेच या एकाच रस्त्यावर तीन वेगवेगळ्या करपद्धती लागू आहेत.

शुल्क आणि कर

नोंदणी शुल्क केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ठरते. नव्या दुचाकीसाठी ते ३०० रुपये, तर खासगी मोटारीसाठी ६०० रुपये आहे. वाहनांवर कर बसविण्याचा अधिकार मात्र राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने राज्यांना दिला आहे. आठ लाख रुपयांच्या खासगी पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात ११ टक्के, म्हणजे ८८ हजार रुपये एकरकमी कर पडतो. दिल्लीत ७ टक्के दराने तो ५६ हजार होतो, तर कर्नाटकात १४ टक्के दराने, उपकर वगळता, १ लाख १२ हजार रुपये होतो.

नोंदणी पाटीचे दर

१ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी उत्पादकाकडूनच मिळते. त्यापूर्वीच्या वाहनांसाठी महाराष्ट्राने निविदा काढून दर ठरविले: दुचाकी ४५० रुपये, तीनचाकी ५०० रुपये आणि मोटार ७४५ रुपये, त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा. २०२५ च्या आरंभी हे दर गोवा व गुजरातपेक्षा बरेच अधिक असल्याची टीका विरोधी पक्षांनी केली. पाटी बसविण्याचा खर्च धरल्यास इतर राज्यांचे दरही जवळपास तेवढेच होतात, असे राज्य शासनाचे म्हणणे होते. त्यामुळे अशा तुलनेत जाहीर दरात बसविण्याचा खर्च व कर धरला आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

स्थलांतर आणि बीएच मालिका

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४६ प्रमाणे एका राज्यातील नोंदणी देशभर वैध असते. तथापि वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिल्यास कलम ४७ अन्वये तेथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. नव्या राज्याचा कर भरावा लागतो आणि आधीच्या कराचा परतावा मूळ राज्याकडे मागावा लागतो. बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना ही दुहेरी तजवीज विशेष जड जाते.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिका सुरू केली. तीत कराचे दर देशभर समान असून कर दोन वर्षांच्या टप्प्यांनी भरता येतो. मात्र ती शासकीय व संरक्षण कर्मचारी, तसेच किमान चार राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी अशा ठरावीक गटांनाच उपलब्ध आहे. छोटे व्यावसायिक आणि लहान आस्थापनांतील नोकरदार तिच्याबाहेर राहतात. त्यांच्यासाठी राज्य बदलण्याचा खर्च पूर्वीप्रमाणेच कायम आहे.