मांजरीला शुगर निघाली म्हणून टाकून द्यायची?

मंडळी, दांडिया बाजारातल्या वाड्यांच्या आठवणी आपण सगळेच लिहितो, आणि त्यात दूधभातावर वाढलेली मांजर असतेच. पुरे झालं ते कौतुक. ती मांजर दिवसभर उंदीर मारायची, दूधभात तिचं वरचं खाणं. आता तिला फ्लॅटमध्ये कोंडता, ऑपरेशन करता आणि वाडगा तोच. ती लठ्ठ होते, सारखं पाणी पिते, सारखं मुतते. शुगर निघाली की लगेच, "कुणी सांभाळेल का हो?"

अशीच एक सध्या माझ्याकडे आहे. पहिल्यांदाच घेतलीय. दर १२ तासांनी आधी खाणं, मग इन्सुलिन. सुई इतकी बारीक की तोंड वाडग्यात असलं तर बाईसाहेबांना कळतही नाही. जपायचं ते सिरिंजला: ४०च्या बाटलीला ४०चीच, १००च्या बाटलीला १००चीच. खाल्लं नाही तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस नाही. लडखडली तर हिरड्यांना मध चोळून थेट दवाखाना.

"आम्हाला नाही जमणार" म्हणणाऱ्यांच्या फ्रिजच्या दारात आजोबांचं इन्सुलिन असतंच की! त्यांना सोडून आलात का सूरसागरच्या काठी?

आणि "आमची मनी शाकाहारी हो" हा अभिमान तर सोडाच. मांजर मांसाहारीच. वेळेत उपचार झाले, डॉक्टरांना विचारून खाणं बदललं, तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा.

हिला कायमचं घर हवंय. दूधभातवाल्यांनी विचारू नये.