प्राडाला जाब विचारला, आता आपल्या दुकानातही विचारू

जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाच्या मॉडेल्सच्या पायात आपली कोल्हापुरी दिसली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं गेलं नाही. आपण सगळ्यांनी मिळून जो दंगा केला तो योग्यच होता. कंपनीला मान्य करावं लागलं की ही चप्पल भारतीय कारागिरांच्या परंपरेतून आली आहे. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. २००० जोड इथेच बनणार, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे पाऊण लाखाच्या वर. चांगलं झालं.

पण मंडळी, वर्षभर कोल्हापुरी विकतं कोण? प्राडा नव्हे, आपणच. मग जो प्रश्न इटलीला विचारला तो घरच्या बाजारात का विचारत नाही?

आज प्रत्येक दुकानदार 'शंभर टक्के पर्यावरणपूरक' म्हणून कोल्हापुरी विकतो. अस्सल मालाबाबत यात तथ्य आहे. त्याचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावतात. त्याला कित्येक आठवडे लागतात. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमनं कमावलं जातं, काम झटपट होतं, पण सांडपाण्यावर नीट प्रक्रिया केली नाही तर तेच क्रोमियम नदीत आणि जमिनीत उतरतं. आपली जुनी पद्धत नक्कीच सरस. पण ते आठवडे मोजतं कोण? चुन्याच्या पाण्यात हात घालणारा, ओलं कातडं उलटंपालटं करणारा माणूस. त्याच्या वेळेची किंमत त्या 'पर्यावरणपूरक' चिठ्ठीत कुठेच धरलेली नसते.

आणि हा माणूस कुठल्या समाजाचा, हे सांगायची गरज नाही. ज्या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलं, त्याच कामाला आज आपण 'हेरिटेज' म्हणतो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर कच्च्या कातड्याची आवक आटली. २०१६ मध्ये गुजरातच्या उनामध्ये मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारहाण झाली. असं असताना कारागिराच्या पोरानं हा धंदा का करावा, याचं उत्तर वारशाचा अभिमान सांगणाऱ्यांनी द्यावं.

बायकांचं तर नावच निघत नाही. वेणी घालायची, पट्टे शिवायचे, बारीक नक्षीचं काम करायचं, हे बरंचसं घरात बसून त्याच करतात, तेही नगावर. चपलेला शोभा त्यांच्या बोटांनी येते आणि फोटो मालकाचा छापून येतो.

झाडांचंही तेच. साल बाभळीची लागते, पण बांधावरची बाभूळ आपण 'काटेरी कटकट' म्हणून तोडत आलो. ही बाभूळ जमिनीत नत्र धरते, तिच्या शेंगा शेळ्या खातात. हिरडा सह्याद्रीच्या जंगलात वेचला जातो, तो वेचणारे बहुतेक आदिवासी. म्हणजे एका चपलेमागे शेतकरी, जंगल, कातडं कमावणारा, शिवणारी बाई अशी सगळी साखळी आहे. निसर्गाकडून नुसतं घ्यायचं नसेल तर चपलेच्या पैशातला काही भाग बाभूळ आणि हिरडा लावण्याकडे गेला पाहिजे.

जीआय मानांकन दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून आहे. आपल्या महामंडळानं अस्सल जोड ओळखता यावा म्हणून क्यूआर कोडही आणला आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या कोडमध्ये नुसता 'अस्सल' शिक्का नको. कातडं कुणी आणि कशात कमावलं, शिवण कुणाची, आणि किमतीतले किती रुपये त्यांच्या हातात पडले, हेही दिसू दे. एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीला नाव द्यायला लावता आलं, तर हे अवघड नाही.

व्यापारी म्हणतील, भाव वाढला की गिऱ्हाईक रेक्झिनकडे पळेल. ते आत्ताच पळतंय, कारण अस्सल आणि नकली यातला फरक त्याला कुणी दाखवतच नाही. दोन हजारांच्या जोडामागे शंभर रुपये जास्त गेले आणि ते थेट कारागिराकडे पोचले, तर तो जोड कोणी महाग म्हणणार नाही. शिवाय चांगली कोल्हापुरी दुरुस्त करून वर्षानुवर्षं वापरता येते, रेक्झिनची फाटली की कचऱ्यात.

करार झाला म्हणून पेढे वाटून झाले असतील, तर आता पुढच्या खरेदीला दुकानात तीनच प्रश्न विचारा. कातडं कशात कमावलंय? शिवलंय कुणी? त्यांना किती मिळाले? दहा दुकानांत उत्तर मिळणार नाही. पण गिऱ्हाईक रोज विचारायला लागलं, तर अकरावा दुकानदार उत्तर लिहून ठेवेल. सुरुवात तिथूनच होईल.