टाळ वाजत राहतात तेव्हा

पुणे ते सासवड हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यातला सर्वांत लांबचा टप्पा. सुमारे ३० किलोमीटरची चाल आणि त्यात दिवे घाटाची चढण. एवढा समुदाय रेटारेटीविना चालतो, याचे श्रेय आपण श्रद्धेला देऊन मोकळे होतो. श्रद्धा आहेच, पण घडी बसवली ती दिंडीने. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोहळ्याला जे रूप दिले, त्यात रथापुढे कोण, मागे कोण हे ठरलेले असते. मुक्कामी समाजआरतीला चोपदार चोप उंचावतात आणि टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात, कारण तिची काही तक्रार असते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, मगच आरती होते. किती सुंदर व्यवस्था आहे ही!

टँकर, दवाखाने, पोलीस शासनाचे, शिवाय दिंडीबाहेर मोकळे चालणारेही पुष्कळ, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. पण टँकर पाणी देतो, एकमेकांना सांभाळून चालायला शिकवत नाही. आणि मोकळे वारकरीही दिंड्यांच्याच चालीने चालतात. म्हणून पालखी मार्गाची आणि तळांची आखणी करताना दिंडीप्रमुखांना शेवटी कळवू नये, आधी विचारावे.