गणवेश उतरविल्यानंतर

कचेरीतला कागद पैशांखेरीज हलेनासा झाला, की सुशिक्षित वर्गात एक उद्गार हटकून ऐकू येतो : हा देश काही वर्षे लष्कराच्या हाती द्यावा. उद्वेग समजण्याजोगा आहे. उपाय मात्र उतावीळपणाचा आहे. सेनाधिकाऱ्याला निवडणुकीच्या मार्गाने येऊन काय साधते व काय साधत नाही, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांची कारकीर्द अभ्यासावी.

१९५४ ते १९९० अशी छत्तीस वर्षे लष्कराच्या इंजिनिअर्स दलात काढून ते १९९१ मध्ये गढवालमधून लोकसभेवर निवडून आले. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत भरती होणाऱ्या त्या मुलखात गणवेशाला मान असणारच. तरीही १९९६ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना घरी बसविले. (मुंबईकरांनी तरी १९७१ मध्ये जनरल करिअप्पांना कोठे लोकसभेत पाठविले?)

२००० साली वाजपेयी मंत्रिमंडळात रस्तेवाहतूक व महामार्ग हे खाते त्यांच्याकडे आले आणि त्यांचे सोने झाले. चार महानगरे जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरांच्या सुवर्ण चतुष्कोन योजनेला त्यांच्या काळात जी गती मिळाली, तिचे श्रेय त्यांच्या शिस्तीला देण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे. पेट्रोल व डिझेल यांवरील अधिभार २००० च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने रस्त्यांसाठी बांधून दिलेला होता. म्हणजे दरवर्षी अर्थखात्याच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नव्हती. निधी निश्चित, उद्दिष्ट मोजता येण्याजोगे, ठेकेदारावर हुकमत. किंबहुना ही परिस्थिती मोहिमेवर निघालेल्या सेनापतीच्या परिस्थितीहून फारशी वेगळी नव्हती.

२००७ मध्ये उत्तराखंडचे मुख्यमंत्रिपद लाभले तेव्हा यांपैकी काहीच हाताशी नव्हते. विधानसभेत येण्यासाठी धुमाकोटची जागा त्यांना रिकामी करून दिली ती काँग्रेसच्या आमदाराने. हे गृहस्थ, टी. पी. एस. रावत, हेही निवृत्त लेफ्टनंट जनरलच, आणि पुढे ते खंडुरींच्या पक्षातर्फे खासदार झाले! मुख्यमंत्र्याच्या हाताखालचे आमदार हे सैनिक नव्हेत. बदल्या, ठेके, शिफारशी यांना आळा बसला की त्याचा लाभ लाखो लोकांत विभागला जातो व कोणाला जाणवतही नाही; तोटा मात्र मोजक्या माणसांचा होतो, आणि तीच माणसे संघटित असतात. २००९ मध्ये राज्यातील लोकसभेच्या पाचही जागा गेल्या, तेव्हा त्यांना पायउतार व्हावे लागले.

निवडणूक तोंडावर येताच, सप्टेंबर २०११ मध्ये, पक्षाला त्यांची पुन्हा आठवण झाली. ‘खंडुरी है जरूरी’ ही घोषणा घुमली. मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणणारे लोकायुक्त विधेयक त्यांनी संमत करून घेतले. निकाल लागला तो असा : सत्तर जागांपैकी काँग्रेसला ३२, भाजपला ३१; आणि स्वतः खंडुरी कोटद्वारमध्ये पाच हजारांहून कमी मतांनी पराभूत. एका जागेने राज्य गेले. प्रामाणिकपणाची वाखाणणी करणारा समाज मतपेटीशी वेगळा हिशेब करतो, एवढाच याचा अर्थ नाही. प्रामाणिक पुढाऱ्यानेही बूथबूथावर माणसे जोडावी लागतात, आणि हे काम हुकमाने होत नाही.

त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत मोलाचे काम याहून कमी गाजलेले आहे. २०१४ मध्ये लोकसभेत परतल्यावर ते संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. मार्च २०१८ मध्ये या समितीने संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट झाल्याचे, आणि मिळालेला पैसा आधी कबूल केलेली देणी भागवण्यासही अपुरा असल्याचे नमूद होते. केंद्रात सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. सेनेत असताना जे वरिष्ठांपाशी बंद दाराआड सांगावे लागले असते, ते येथे एका लोकप्रतिनिधीने साऱ्या देशासमोर मांडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली, आणि अध्यक्षपदी दुसऱ्या खासदाराची नेमणूक करण्यात आली.